सात नंबरची मागची बॅटरी

सात नंबरची गाडी महिन्याभरात पाचव्यांदा रुसून बसली आणि यार्डात दोन तट पडले. एक तट म्हणत होता, बॅटऱ्याच रद्दी आल्यात. दुसरा तट काहीच म्हणत नव्हता, नुसता ड्रायव्हरकडे बघत होता. त्या बघण्याचा अर्थ ड्रायव्हरला कळत होता आणि त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या बहिणीला कळत होता, कारण यार्डातल्या गाड्यांची वायरिंग बघणारी मिस्त्री तीच होती.

तिला सगळे ताई म्हणत. खरं तर ती एकाच माणसाची ताई, या ड्रायव्हरची. पण अकरा वर्षांपूर्वी तिनेच मालकाकडे शब्द टाकून धाकट्याला कामाला लावलं आणि पहिल्याच दिवशी तो यार्डभर "ताई, ताई" करत तिला शोधत फिरला. तेव्हापासून हमाल, क्लीनर, फाटकावरचा वॉचमन, सगळ्यांची ती ताई झाली. मालक तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पण तोही ताईच म्हणे. बाईला मिस्त्री म्हणायला त्याची जीभ वळत नसे, आणि नुसतं बाई म्हणायची त्याची छाती नव्हती.

तिच्या शेडच्या भिंतीवर खिळ्यांची ओळ होती आणि प्रत्येक खिळ्याला एकेका गाडीचं जाड पुठ्ठ्याचं कार्ड. गाडी बंद पडली की ताई त्यावर तारीख घालून एका ओळीत कारण लिही. 'सेल्फचे कार्बन झिजले.' 'अर्थची पट्टी सैल.' 'दिवे चालू ठेवून ड्रायव्हर जेवायला गेला.' या शेवटच्या जातीच्या ओळींना ड्रायव्हर लोक टरकून असत, कारण मालक दुसरं काही वाचत नसला तरी ती कार्डं वाचायचा आणि त्यावरून माणसं ठेवायचा किंवा काढायचा. ताईचा नियम एकच होता. ज्या जागेवर स्वतः बोट ठेवलं नाही, ती जागा कार्डावर येणार नाही. 'बहुतेक' आणि 'अंदाजे' हे शब्द तिच्या पेनातून उतरत नसत.

सात नंबरच्या कार्डावर मात्र महिन्यात चार वेळा तीच ओळ होती. 'मागची बॅटरी उतरली. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला. कारण शोधणं बाकी.' दरवेळी सकाळी गाडी भरलेली, मालक घाई करणारा, मग शोधायला वेळ कुठला? चार नंबरची गाडी शेजारी आणायची, केबल लावायच्या, सात नंबर सुरू झाली की धाकट्याला हात करायचा. ते चार वेळा लिहिलेलं 'बाकी' तिला खटकत होतं.

आज अकराच्या सुमाराला मालक शेडच्या दारात येऊन उभा राहिला. तो आत येत नसे. ॲसिडचा वास त्याला सोसत नाही म्हणायचा.

"ताई, आज मला कारण पाहिजे," तो म्हणाला. "कागदाची रिळं भरून ठेवलीत. साडेबाराला गाडी फाटकाबाहेर गेली पाहिजे. छापखानावाला सकाळपासून दोनदा फोन करून बसलाय."

"बघते."

"बघा आणि लिहा. गेल्या साली तीन नंबरवाल्याने नवी बॅटरी विकून जुनी बसवली, ती तुम्हीच पकडलीत. मी त्याला त्याच दिवशी घालवला. आज याच्या हातचं काही निघालं, तर याला वेगळा न्याय नाही. तुमचा भाऊ असला तरी."

"मी काही म्हटलं का?"

"नाही म्हटलं. म्हणूनच तुम्हाला सांगतोय," मालक म्हणाला आणि गेला.

ताईने बॅटरीच्या पाण्याचा जोर मोजायचा हायड्रोमीटर फडक्याने पुसला. हात पुसत होते, पण डोकं धाकट्याच्या घरात जाऊन बसलं होतं. भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुली शाळेत जाणाऱ्या, भावजय घरी शिवणकाम करणारी. घर चालायचं ते याच्या स्टिअरिंगवर. चाळिशी उलटलेल्या माणसाला एका यार्डाने हाकललं की दुसरं यार्ड दारात उभं करत नाही, आणि याला गाडी चालवण्यापलीकडे पोट भरेल असं काही येत नव्हतं. साधं लाटणंही सरळ धरता येत नाही, असं भावजय म्हणायची.

धाकटा गाडीजवळच होता. बॉनेटला टेकून उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. भरलेली गाडी नंबर लागेपर्यंत दोन-दोन दिवस यार्डात उभी राही आणि मालाच्या राखणीला ड्रायव्हर केबिनमध्येच झोपे. कालही तो तिथेच झोपला होता.

"झोप नाही झाली?" तिने विचारलं.

"झाली की. मस्त झाली."

"तोंड तर उंबरठ्यावर आपटल्यासारखं दिसतंय. सेल्फ मार."

त्याने वर चढून किल्ली फिरवली. आतून टकटकटक असा कोरडा आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन विझले. ताईने मान हलवली. सेल्फ मागतोय, पण देणारं कोणी नाही, असा तो आवाज. तो तिला झोपेतही ओळखता आला असता.

डिझेलच्या मोठ्या गाडीला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एकीच्या मागे एक जोडलेल्या, म्हणजे मिळून चोवीस. दोघी एकाच जुवाला जुंपलेल्या. कमावतातही बरोबर आणि खर्चतातही बरोबर. सात नंबरच्या दोन्ही बॅटऱ्या दीड महिन्यापूर्वी एकदम बदललेल्या. ताईने मीटरच्या दोन सुया पुढच्या बॅटरीला लावल्या. बारा पूर्णांक सात. ठणठणीत. मागचीला लावल्या. दहा पूर्णांक चार.

तिने सुया पुसून पुन्हा लावल्या. दहा पूर्णांक चारच.

"बॅटरीच खराब आली असेल ताई," धाकटा वरून म्हणाला. "हल्लीचा माल कसा येतो तुला माहितीय."

"असेल. खाली ये आणि झाकणं उघड."

मागच्या बॅटरीच्या सहा खणांची सहा झाकणं त्याने उघडली. ताईने एकेका खणातून हायड्रोमीटरने पाणी ओढलं. खराब बॅटरीत एखादा खण दगा देतो, बाकीचे पाच धडधाकट असतात. इथे सहाच्या सहा खण सारखेच खाली गेलेले. म्हणजे बॅटरी चांगली होती, बिचारी. कोणीतरी तिचं रक्त सावकाश काढत होतं. आणि दिवा चालू राहिला असता, पंखा चालू राहिला असता, तर दोन्ही बॅटऱ्या मिळून उतरल्या असत्या. पुढची पोटभर जेवलेली आणि मागची उपाशी, असं होतं ते एकाच कारणाने. दोघींच्या मधून कोणीतरी वायर काढून फक्त मागचीतून करंट घेत होतं.

कुठेतरी पाणी मुरत होतं आणि कुठे मुरत होतं ते तिला आता कळलं होतं. फक्त बोट ठेवायचं बाकी होतं. तिने भावाकडे बघितलं. तो झाकणं पुसत होता. एकच झाकण तिसऱ्यांदा पुसत होता.

"बॅटरी बाहेर काढ," ती म्हणाली.

"आख्खी? कशाला? वरून बघ ना. टर्मिनल स्वच्छ आहेत."

"चार वेळा वरूनच बघितलं."

"ताई, साडेबाराला निघायचंय मला."

"म्हणूनच म्हणते, काढ."

ती बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात. दोघांनी मिळून ती खाली घेतली. धाकट्याला धाप लागली होती आणि तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. ताई गुडघ्यावर बसली आणि रिकाम्या जागेत तिने हात घातला. दोन बॅटऱ्यांना जोडणारी जाड केबल तिथून जात होती. केबलच्या पोटाखालून बोट फिरवलं, तसं एका जागी ते अडलं. तिने केबल उलटी केली. काळी टेप. टेपखालून निघालेली बारीक लाल वायर, केबिनच्या तळाकडे गेलेली.

तिने टेप सोडवायला घेतली आणि पहिल्याच वेढ्याला थांबली. तार दोनदा उलटी दुमडलेली, पीळ उजवीकडून, टेपचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर निम्मा. असा जोड यार्डात दुसरं कोणी देत नव्हतं. असा जोड द्यायला तिला वडिलांनी शिकवलं होतं आणि तिने एका माणसाला शिकवलं होतं.

"जोड चांगला दिलायस," ती म्हणाली.

धाकट्याने हात पँटला पुसले. त्याचा चेहरा साफ पडला होता.

ताई उठली आणि केबिनमध्ये चढली. तिला वाटत होतं, वर छोटा फ्रिज निघेल, टीव्ही निघेल, गेला बाजार चहाची किटली निघेल. दोन शिव्या हासडायच्या, वायर उपटायची आणि मालकासमोर त्याचं काय करायचं ते बघायचं, अशी तयारी करूनच ती चढली होती. सीटच्या मागे झोपायची फळी, तिच्यावर पडदा. लाल वायर फळीखाली जात होती. फळीखाली पत्र्याची पेटी होती, पेटीला कुलूप नव्हतं. आत उशीएवढं राखाडी यंत्र, त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसवायचा मुखवटा. मुखवट्याच्या पट्ट्या मानेच्या घामाने काळ्या झाल्या होत्या.

असा मुखवटा तिने एकदाच पाहिला होता, वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात. ती फळीवर बसली.

"काय झालंय तुला?" तिने विचारलं. धाकटा केबिनच्या पायरीवर येऊन उभा होता. "खरं सांग. काय झालंय?"

"तसलं काही नाही गं. मरत नाहीये मी. झोपेत श्वास थांबतो."

"थांबतो म्हणजे?"

"म्हणजे थांबतो. तासाला चाळीस-चाळीस वेळा. डॉक्टरांनी रात्रभर वायरी लावून मोजला. मग मेंदू जागा करतो, परत झोप, परत बंद. रात्रभर हेच. सकाळी वाटतं आठ तास झोपलो आणि खरं तर दोनही झालेले नसतात. मग दिवसा डोळा लागतो." तो थांबला. "हे यंत्र हवा आत ढकलत राहतं. लावून झोपलं की काही होत नाही. अगदी काही नाही. घरी भिंतीच्या प्लगवर लावतो. गाडीत ते बारा व्होल्टवर चालतं, म्हणून महिन्याभरापूर्वी दोन बॅटऱ्यांच्या मधूनच वायर घेतली. पूर्ण चोवीसवर जळलं असतं."

ताईला लहानपणापासूनचा त्याचा घोरण्याचा कारखाना आठवला. घरात त्याला सगळे कुंभकर्ण म्हणत आणि ती सगळ्यांत मोठ्याने म्हणे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने भावजयीला कानात घालायला कापूस दिला होता आणि सगळं घर हसून लोळलं होतं. आता तिला त्या हसण्याची लाज वाटली.

"कधीपासून कळलंय हे?"

"आठ महिने."

आठ महिने म्हटल्यावर तिच्या डोक्यात एक तारीख उभी राहिली. आठ महिन्यांपूर्वी सात नंबर डावा हेडलाइट फोडून घेऊन आली होती. धाकटा म्हणाला, जनावर आडवं आलं. ताईने वायरिंग नवी घातली आणि कार्डावर लिहिलं, 'जनावर आडवं आलं.' बंपरवर केस नव्हते, रक्त नव्हतं. जाळीत अडकलेलं होतं ते सुकं गवत आणि मातीचं ढेकूळ. तिने ते आपल्या हाताने काढून टाकलं होतं आणि तरीही भावाचा शब्द कार्डावर उतरवला होता.

"तेव्हा जनावर नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"झोपला होतास."

"दोन सेकंद, ताई. रस्ता सोडून गाडी खाली उतरली आणि मैलाच्या दगडाला अडली. शेतात कोणी नव्हतं. मी तासभर चाकाला धरून बसलो होतो. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. कुणाला सांगणार? मालकाला सांगितलं तर लायसन्स जातं. तुला सांगितलं तर तू कार्डावर लिहिशील."

हे तो चिडून बोलला नाही. पाऊस पडला की चिखल होतो असं सांगावं, तसा बोलला. ताईला ते चिडून बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"काल रात्री लावून झोपला होतास?"

"हो म्हटलं ना. पूर्ण रात्र."

यंत्राच्या अंगावर एक छोटी काच होती. त्याने वाकून केबलची दोन्ही टोकं खाली ठेवलेल्या बॅटरीला टेकवली तेव्हा काच कशीबशी उजळली. ताईने बाजूचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. तारखा आणि त्यांच्यापुढे तास येऊ लागले. परवा रात्री सात तास वीस मिनिटं. काल रात्री एक तास पन्नास मिनिटं. मग काच विझली.

"हे काय?"

धाकट्याने खाली बघितलं. "बॅटरी उतरली की आपोआप बंद पडतं. मला जाग येत नाही त्या वेळी. सकाळीच कळतं."

त्या वाक्यापाशी ताईच्या डोक्यातला हिशेब आपोआप पुढे सरकला. थांबवायचं म्हटलं तरी थांबेना. गाडी दोन रात्री उभी राहिली की पहिली रात्र यंत्र चालायचं आणि दुसऱ्या रात्री मध्येच बंद पडायचं. ज्या सकाळी गाडी सुरू होत नसे, ती नेमकी त्या रात्रीची सकाळ असायची, ज्या रात्री हा झोपलेलाच नसायचा. आणि त्या प्रत्येक सकाळी ती स्वतः चार नंबर शेजारी आणून, केबल लावून, त्याला रस्त्यावर धाडत होती. चार वेळा. वर हात हलवून म्हणायची, सावकाश जा.

गाडी बंद पडत होती तेच बरं होतं. तीच एक शहाणी होती सगळ्यांत.

"ताई, ऐक," धाकटा पुढे वाकला. त्याचा आवाज लहानपणी पैसे मागताना व्हायचा तसा झाला होता. "तू लिही, बॅटरी खराब. नवीन येईल. मी वायर काढून टाकतो, कुणाला दिसणार नाही. मग तू दोन्ही बॅटऱ्यांवरून बारा करून देणारा तो डबा बसवून दे. तुला येतं. एका तासाचं काम. मग सगळं नीट चालेल, यंत्रही आणि गाडीही. कुणाचं काय जातंय?"

खरं सांगायचं तर ताईने तो डबा मनातल्या मनात बसवलाही होता. कुठे स्क्रू घ्यायचे, फ्यूज किती अँपिअरचा, सगळं. शेडच्या कपाटात तसला एक पडूनही होता. ती काही दगडाची नव्हती. दोन मुलींची आत्या होती.

"डॉक्टरकडे परत कधी गेलास?"

"बोलावलं होतं त्यांनी. तीन महिन्यांनी. राहिलं जायचं."

"आणि आजचं काय? आज तू दोन तासांच्या झोपेवर गाडी चालवणार. सहा तासांचा रस्ता, मधे तो लांब उतार."

"आजचा एक दिवस. खिडकी उघडी ठेवतो, चहा पितो, गाणी लावतो. गेल्या चार वेळा झालं का काही?"

तेवढ्यात खालून मालकाची हाक आली. बारा वाजायला आले होते. ताईने पेटीचं झाकण लावलं आणि ती खाली उतरली. मालक हातात फोन धरूनच आला होता आणि त्याच्या कपाळावरची शीर उडत होती.

"छापखानावाला म्हणतो, आज माल नाही पोचला तर उद्यापासून दुसरीकडून घेतो. राहू द्या ताई ते कारण. संध्याकाळी लिहा, उद्या लिहा. चार नंबर शेजारी लावायला सांगितलीय. जंप द्या आणि सोडा गाडी."

चार नंबर खरंच येत होती. धाकट्याच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला. त्याने ताईकडे असं बघितलं की तिला त्याच्या मनातलं जसंच्या तसं वाचता आलं. खोटं लिहायला नको, खोटं बोलायला नको. नेहमीसारखं करायचं, बस. कारण बाकी.

त्याने आणि क्लीनरने बॅटरी उचलून जागेवर ठेवली. ताईने केबल उचलल्या, लाल आणि काळी. जड होत्या, नेहमीच जड असत. चार नंबर शेजारी येऊन थांबली, तिचं इंजिन धडधडत होतं. लाल चिमटा तिने चार नंबरला लावला. दुसरं टोक हातात धरून ती सात नंबरच्या बॅटऱ्यांपाशी आली आणि उभी राहिली.

"काय झालं?" मालकाने विचारलं.

"मी जंप देणार नाही."

"का?"

मूग गिळून बसायची ही शेवटची संधी होती, हे तिला कळत होतं.

"हा रात्री झोपलेला नाही," ती म्हणाली. "याला श्वासाचा आजार आहे. झोपेत श्वास थांबतो, म्हणून दिवसा डोळा लागतो. वर यंत्र आहे, त्याच्यासाठी याने मधल्या केबलवरून वायर घेतली, त्याने मागची बॅटरी उतरते. काल यंत्र दोन तासांतच बंद पडलं. आठ महिन्यांपूर्वी हेडलाइट फुटला तेव्हा जनावर नव्हतं आलं. याला झोप लागली होती. ते कार्डावर मी चुकीचं लिहिलंय."

"ताई," धाकटा म्हणाला. एवढंच म्हणाला.

मालकाने हातातला फोन खाली घेतला. चार नंबरच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, कदाचित नीट ऐकू यावं म्हणून.

"खरं आहे?" मालकाने धाकट्याला विचारलं.

धाकट्याने खिशातून सात नंबरची किल्ली काढली. मालकाच्या हातात नाही दिली. बॅटरीवर ठेवली.

मालक वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या हातात फोन होता आणि फोनच्या पलीकडे छापखाना होता. त्याने चार नंबरवाल्याला सात नंबर घ्यायला सांगितली. मग धाकट्याकडे न बघता म्हणाला, "आधी उपचार कर. डॉक्टरांचा कागद आण. मग बघू." मालकाच्या 'बघू'चा अर्थ यार्डातल्या कुत्र्यालाही ठाऊक होता.

ताईने लाल वायर टेपसकट कापून काढली. मग केबल लावल्या. चार नंबरवाला सात नंबरच्या केबिनमध्ये चढला, त्याने सीट आपल्या उंचीला पुढे ओढली, आरसा आपल्याकडे वळवला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. धाकटा पत्र्याची पेटी पोटाशी धरून उभा होता. फाटकातून गाडी बाहेर पडून वळेपर्यंत तो बघत राहिला.

"आता बरा दिलास जंप," तो म्हणाला.

ताईने कापलेली लाल वायर खिशात घातली.

ती शेडमध्ये गेली. सात नंबरचं कार्ड काढून तिने आधी आठ महिन्यांपूर्वीची ओळ खोडली आणि वर खरी लिहिली. मग आजची लिहिली. चार वेळचं 'बाकी' तिने तसंच ठेवलं. ते खोडायचा तिला हक्क वाटला नाही.

धाकटा तिच्या मागोमाग आत आला, कारण जायला दुसरी जागा नव्हती. घरी एवढ्या लवकर गेला असता तर बायकोने कारण विचारलं असतं. तो बाकावर भिंतीला टेकून बसला. पेटी पायांशी ठेवली.

"घरी मी येते तुझ्याबरोबर," ताई म्हणाली. "तुझ्या बायकोला मी सांगते."

"तिला माहितीय आजाराचं. तूच तेवढी राहिली होतीस."

"नोकरीचं म्हणते मी."

त्याने हात झटकला. बोलू नकोस, असा. तिने चहा मागवला. ती बाहेर जाऊन केबल गुंडाळून आली, तोवर त्याची मान छातीवर पडली होती. अर्धा भरलेला कप बोटांत तिरपा झाला होता. बाराला पाच-सात मिनिटं कमी असताना तो किल्ली फिरवायला तयार होता, आणि आता साडेबाराही वाजले नव्हते.

तिने कप हळूच काढून घेतला. त्याला काही कळलं नाही. मग ती समोर उकिडवी बसली. तो घोरत होता. मग घोरणं एकदम थांबलं. छाती वर येईना, खाली जाईना. ओठ थोडे उघडे, चेहरा शांत, जणू त्याला श्वासाची गरजच उरली नव्हती. ताईचा हात त्याच्या खांद्याकडे गेला आणि अधांतरी राहिला. ती मनातल्या मनात मोजू लागली. सात, आठ, नऊ. यार्डात कोणीतरी मोठ्याने हसलं. चौदा, पंधरा. सतराव्या आकड्याला त्याचं सगळं अंग हादरलं आणि बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा त्याने श्वास ओढला. डोळे मात्र उघडले नाहीत. पुन्हा घोरणं सुरू झालं, चार-पाच श्वास, आणि पुन्हा थांबलं.

ताईने पेटी उघडली, यंत्र बाहेर काढलं आणि त्याची घरच्या प्लगवरची वायर शेडच्या भिंतीपर्यंत पुरते का ते बघितलं. पुरत नव्हती. ती जोडायची वायर शोधायला कपाटाकडे गेली, पण जाता जाता मोजत राहिली.